डावं पान

माझा बाप, रावजी खरटमल,
कूपरेजच्या फाटकाबाहेर बसायचा.
रापी, आरी, मेणदोरा, पाण्याची कुंडी
आणि तांबड्या पुठ्ठ्याची एक वही.
उजव्या पानावर उधारी:
मेनेझिस, टाच, चार आणे.
पोलीस टीम, एकवीस स्टड, बाकी.
डाव्या पानावर देश.

अक्षरं त्याची अडखळत चालायची,
आकडे मात्र ताठ.
अठ्ठेचाळीस. लंडन. १–२.
मेनेझिसने पेपर वाचून दाखवला होता:
आपली बहुतेक पोरं अनवाणी,
पायाला नुसत्या पट्ट्या,
आणि दोन पेनल्ट्या वाया.
बाप आधी हसला म्हणे, मग गप्प झाला.
चांभाराने जीव टाकावा
तो नेमका बूट न घालणाऱ्यांवर!
धंद्याला बट्टा, म्हणाला,
आणि त्याच आकड्यापुढे
एक उघडं पाऊल काढलं,
अंगठा जरा जास्तच मोठा.

पन्नासचं पान कोरं आहे.
ब्राझीलचं बोलावणं होतं, गेलो नाही.
का, ते लोक अजून भांडून सांगतात.
बोटीचा खर्च. सरावाला वेळ नव्हता. बूट नव्हते.
बापाने कुणाचीच बाजू घेतली नाही.
कोऱ्या पानावर खिळा राहिला असावा
आणि वही मिटली असावी;
गंजाचा डाग आहे, बस.

एक्कावन्न, दिल्ली, सोनं. खाली पेढ्याचं तूप.
मग बावन्न. हेलसिंकी. १–१०.
दहातला शून्य त्याने इतका दाबून काढलाय
की पालथ्या बाजूला उमटलाय,
उधारीच्या मधोमध.

त्यानंतर बूट सक्तीचे झाले.
फाटकाबाहेर रांग लागली. उजवी पानं
समासापर्यंत भरली,
आणि आमच्या आग्रीपाड्याच्या खोलीत
मातीच्या जागी फरशी आली.
मी त्या फरशीवर रांगले.
कुणी तिचं कौतुक केलं की बाप म्हणायचा,
हेलसिंकीची आहे. दहा गोलांची.
आई म्हणायची, पुरे आता.
तो पुढे बोलायचा नाही,
पण ती पुसताना त्याला कधी
उभं राहवलं नाही खोलीत.

छप्पन, मेलबर्न, चौथे.
बासष्ट, जकार्ता, २–१:
सगळं मैदान आपल्यावर हुर्यो करत होतं,
डोक्याला टाके पडलेला गडी
मागचा पुढे आणून खेळवला,
आणि त्यानेच एक मारला.
बापाने एवढंच लिहिलंय: टाका धरला.

सत्तर, बँकॉक, ब्राँझ.
पुढची पानं मला भराभर उलटता येतात.
पात्रता फेरी हा शब्द त्याला जमायचा नाही,
तो नुसतं 'पा.' लिहायचा, आणि आकडा.
पा. पा. पा.
चौऱ्याऐंशीत तीन हार आणि इराणशी ०–०.
त्या दोन शून्यांना डोळे काढलेत,
एक मिटलेला.
एक्क्याण्णवात तो गेला.

मी तेहतीस वर्षं गोदीच्या हिशेब खात्यात काढली.
बेरीज न मांडता पान सोडलं नाही कधी.
ही वही मात्र कपाटात तशीच.

अठरा साली अंधेरीला मॅच होती, जूनची पहिली.
समोर तैपेई. तिकीट सहज मिळालं.
खुर्च्या इतक्या रिकाम्या
की आपल्या कॅप्टनने कुणाला हाक मारली
ते वरपर्यंत ऐकू आलं.
पाच गोल झाले. पाचही वेळा
माझ्या पुढच्या रांगेतला एकटाच पोरगा
उभा राहिला, आणि मागे वळून
माझ्याकडे बघितलं त्याने,
जणू मी कुणीतरी अधिकारी.

पर्समधून वही काढली.
डाव्या पानावर लिहिलं: ५–०, मुंबई.
माझा शून्य बापाच्या शून्यासारखा येत नाही,
मी नेहमी तो वरून बंद करते.
पायाला गार लागलं तेव्हा पाहिलं,
चपला सुटून खुर्चीखाली गेलेल्या.

पोरगा म्हणाला, मावशी, काय हिशेब?
म्हटलं, मेनेझिसकडून चार आणे येणे आहेत.